‘लोड’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ व उपयोग

काही दिवसांपूर्वी शाळाभेटीच्या प्रसंगी इयत्ता चौथीचा इंग्रजीचा पाठ पाहण्याचा योग आला. गुरुजींनी फळ्यावर ‘लोड’ हा शब्द लिहिला व त्यासमोर ‘ओझे’ असा अर्थ दिला. अर्थ चुकीचा नव्हता. परंतु मागील रांगेतील एक मुलगी उभी राहून म्हणाली, “गुरुजी, आमच्या मामांच्या बैठकीत लोड असतो. त्याला टेकून बसतात. मग ते ओझे कसे?” वर्ग हसला. तेवढ्यात दुसऱ्या एका मुलाने विचारले, “माझा दादा बोरिवलीला असतो. तो फोनवर नेहमी म्हणतो, ‘लोड घेऊ नकोस.’ तो काय उचलू नको म्हणतो?” गुरुजी क्षणभर थांबले, ‘ते नंतर पाहू’ असे म्हणाले व पुढील शब्दाकडे वळले.

दोन्ही प्रश्न उत्तम होते. उत्तर न मिळाल्यामुळे ते तसेच राहिले, यात गुरुजींचाही फारसा दोष नाही, कारण शब्दसूचीत एका शब्दासमोर एकच अर्थ छापलेला असतो. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविले जात आहे. अशा वेळी मुलांच्या कानांवर रोज पडणारा एखादा इंग्रजी शब्द सर्व अंगांनी कसा समजावून द्यावा, याचा एक नमुना म्हणून प्रस्तुत लेख लिहिला आहे. उदाहरणे मुद्दाम अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर या उपनगरांतील घेतली आहेत. आपल्या खेड्यांतील बहुतेक घरांतील कोणी ना कोणी तेथे नोकरीस किंवा कामधंद्यास आहे आणि हा शब्द मुलांपर्यंत पोहोचतो तो प्रायः त्याच वाटेने.

१. शब्दाचे मूळ

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ ‘ओझे’ नव्हे, तर ‘वाट’, ‘प्रवास’ किंवा ‘वाहून नेणे’ असा होता. ‘पुढे होऊन नेणे’ या अर्थाचे इंग्रजी क्रियापद ‘लीड’ हे त्याच कुळातील होय. लोहचुंबकास इंग्रजीत ‘लोडस्टोन’ म्हणतात. त्यातील ‘लोड’ म्हणजे वाटच. खलाशांस वाट दाखविणारा दगड तो लोडस्टोन. पुढे ‘लादणे’ या अर्थाच्या ‘लेड’ या इंग्रजी क्रियापदाचा परिणाम होऊन, वाटेने जे वाहून न्यावयाचे त्यासच ‘लोड’ म्हणू लागले.

हा अर्थबदल आपणांस परका वाटू नये. मराठीतील ‘खेप’ हा शब्द पाहावा. ‘पाण्याच्या चार खेपा केल्या’ असे आपण म्हणतो तेव्हा खेप म्हणजे फेरी. ‘विटांची एक खेप आली’ असे म्हणतो तेव्हा खेप म्हणजे त्या फेरीत आलेला माल. वाट आणि ओझे यांचा असा निकटचा संबंध दोन्ही भाषांतील माणसांनी आपापल्या अनुभवातूनच जोडला आहे.

बैठकीतील लोडाचा या इंग्रजी शब्दाशी अर्थाने काही संबंध नाही. तक्क्याबरोबर नांदणारा आपला लोड हा स्वतंत्र शब्द असून दोहोंचा उच्चार तेवढा सारखा झाला आहे. मराठीत ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ म्हणजे सरकारचा पट्टी-सारा, हे मुलांस ठाऊक असते. त्याच धर्तीवर हेही सांगावे. एक लोड पाठीस टेकण्यासाठी, दुसरा पाठीवर घेण्यासाठी, एवढे सांगितले तरी मुले तो भेद विसरणार नाहीत.

२. मराठीतील प्रतिशब्द

‘लोड’ या एका शब्दासाठी मराठीत अनेक शब्द आहेत व प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. डोक्यावर किंवा पाठीवर घेतो ते ओझे. गवताचा किंवा पेंढ्याचा बांधतो तो भारा. लाकडांची बांधतो ती मोळी. गाडीत किंवा बैलाच्या पाठीवर भरतो ते लादणे. कर्जाचा असतो तो बोजा. सातबाऱ्याच्या उताऱ्यात ‘इतर हक्क’ या सदरात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढविलेला आपण पाहतो. जबाबदारीचा असतो तो भार, आणि म्हणूनच ‘पदभार’ व ‘कार्यभार’ हे शब्द रूढ झाले आहेत.

यांपैकी ‘भार’ हा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. संस्कृतातील ‘भृ’ म्हणजे धारण करणे, वाहणे, या धातूपासून तो झाला. इंग्रजीतील ‘बेअर’ म्हणजे वाहणे हे क्रियापद आणि त्यापासून झालेला ‘बर्डन’ हा शब्द, हे दोन्ही त्याच प्राचीन मुळाचे आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे ‘भार’ आणि ‘बर्डन’ हे दूरचे भाऊबंदच होत.

‘भार’ शब्दाने मात्र शास्त्राच्या पाठात थोडा घोटाळा होण्याचा संभव असतो. जुन्या पुस्तकांत ‘अणुभार’ असे लिहीत, तेथे भार म्हणजे वजन. ‘विद्युतभार’ असे लिहिले जाई, तेथे भार म्हणजे विजेचा ‘चार्ज’. त्यास हल्ली ‘प्रभार’ म्हणतात. आणि वीज मंडळाच्या भाषेत भार म्हणजे ‘लोड’. तीन अर्थांस एकच शब्द कसा आला, याचे उत्तर गमतीचे आहे. इंग्रजीतील ‘चार्ज’ हा शब्ददेखील मुळात ‘गाडीत माल लादणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. तेव्हा ‘चार्ज’ला ‘भार’ म्हणणाऱ्या भाषांतरकारांचे फारसे चुकले होते असे म्हणता येणार नाही.

३. माणसाने वाहावयाचे ओझे

मुलांस प्रथम डोळ्यांनी दिसणारा अर्थ द्यावा. अंधेरीजवळच्या वेसावे गावातील कोळीण मासळीची पाटी डोक्यावर घेते व डोके आणि पाटी यांच्यामध्ये कापडाची चुंबळ ठेवते. चुंबळीने ओझे कमी होत नाही, ते सारख्या प्रमाणात वाटले जाते. हे विज्ञानाच्या पाठातही सांगण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण डबेवाल्यांचे. मुंबईत १८९० साली महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेला हा व्यवसाय पुढे मावळ, खेड, जुन्नर, अकोले या भागांतील माणसांनी वाढविला. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर येथील घरांतून गोळा केलेले डबे लांबट लाकडी खोक्यात रचून, ते खोके डोक्यावर घेऊन लोकलच्या मालडब्यात चढविले जाते. एका खोक्यात तीस-चाळीस डबे असतात. एका डब्याचे वजन दीड किलो धरले तर चाळीस डब्यांचे साठ किलो होतात. खोक्याचे वजन निराळे. हे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्यावे. ‘लोड’ म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागणार नाही.

ओझ्यास मर्यादा असावी हा विचार जगाने उशिराच स्वीकारला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली हाताने वाहावयाच्या कमाल वजनासंबंधी करार केला व त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोग्रॅम ही मर्यादा सुचविली. आपल्या राज्यात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ साली स्वतंत्र कायदा झाला. ‘माथाडी’ म्हणजे माथ्यावर ओझे वाहणारा. ज्याच्या नावातच ओझे आहे अशा माणसाच्या हक्कासाठी कायदा झाला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावी, कारण त्यांतील काहींचे वडील आणि आजोबा हेच काम करीत आले आहेत.

४. इमारत, पूल व वारा यांचा भार

अभियंते भाराचे प्रकार करतात. पुलाचे स्वतःचे वजन, त्यावरील रस्त्याचा थर, कठडे, पदपथाच्या फरश्या हा त्याचा कायमचा भार. त्यास ‘डेड लोड’ म्हणतात. येणारी-जाणारी माणसे व वाहने हा बदलता भार. त्यास ‘लाइव्ह लोड’ म्हणतात. ‘मेलेले ओझे’ आणि ‘जिवंत ओझे’ असे शब्दशः भाषांतर करू नये. ‘स्थिर भार’ व ‘चल भार’ असे म्हणावे.

अंधेरी स्थानकाजवळच्या गोखले पुलाचा पदपथाचा भाग ३ जुलै २०१८ रोजी सकाळी रुळांवर कोसळला. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरात संपूर्ण पूल वाहतुकीस बंद करण्यात आला. नव्या पुलाची एक बाजू २०२४ साली व दुसरी २०२५ साली खुली झाली. पुलाचे वय वाढते तसे लोखंड गंजते. उलटपक्षी रस्त्यावर थरावर थर चढतात, नळ व तारा टाकल्या जातात. सोसण्याची शक्ती कमी होत असता स्थिर भार मात्र नकळत वाढत जातो. म्हणूनच जुन्या पुलांची व शाळांच्या जुन्या छपरांची वेळोवेळी तपासणी करावी लागते. शाळेच्या गच्चीवर मोडकी बाके रचून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

भार नेहमी वरून खालीच असतो असेही नाही. वाऱ्याचाही भार असतो. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या छेडा नगर भागात एक प्रचंड जाहिरातफलक पेट्रोलपंपावर कोसळला आणि सतरा माणसे मृत्युमुखी पडली. फलकास कमाल परवानगी ४० फूट लांबी व ४० फूट उंचीची असते. हा फलक सुमारे १२० फूट लांब व सुमारे तितकाच उंच होता. येथे शिक्षकांनी मुलांस एक प्रश्न घालावा: बाजू तिप्पट झाली, तर वाऱ्याचा भार किती पट होईल? बहुतेक मुले ‘तिप्पट’ म्हणतील. मग क्षेत्रफळ काढावयास सांगावे. ४० गुणिले ४० म्हणजे १,६०० चौरस फूट. १२० गुणिले १२० म्हणजे १४,४०० चौरस फूट. वारा तोच असता त्याचा भार क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो नऊपट झाला. शिवाय फलक जितका उंच, तितका त्याच्या पायास उपटू पाहणारा जोर अधिक. चौथी-पाचवीच्या मुलास जमणारे हे गणित आहे. ते वेळेवर न करण्याची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली, हे सांगताना आवाज चढविण्याची आवश्यकता नाही. आकडे पुरेसे आहेत.

५. विजेचा भार

‘लोडशेडिंग’ हा शब्द आपल्या खेड्यांत जितका पोहोचला, तितका दुसरा कोणताही इंग्रजी शब्द क्वचितच पोहोचला असेल. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्याच्या ग्रामीण भागात रोज कित्येक तास वीज नसे. झाड पाने गाळते त्या गाळण्यास इंग्रजीत ‘शेड’ हे क्रियापद आहे. म्हणून लोडशेडिंग म्हणजे भार गाळणे, उतरविणे. आपल्याकडे त्यासाठी ‘भारनियमन’ हा शब्द घडविण्यात आला. गाडीचा आस मोडू नये म्हणून गाडीवान दोन पोती खाली उतरवितो, तशीच ही रीत होय. पोती कोणाची उतरवावयाची, हा प्रश्न मात्र शब्दाच्या अर्थात सुटत नाही.

भार उतरविला नाही तर काय होते, याचे प्रत्यंतर १२ ऑक्टोबर २०२० रोजी आले. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई व ठाणे परिसरातील वीज गेली व धावत्या लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा भागातील उच्चदाबाच्या वाहिन्या बंद पडल्या की त्यांचा भार उरलेल्या वाहिन्यांवर जातो, आणि त्यांस तो पेलला नाही तर त्याही बंद पडतात. एका कावडीचा गडी बसला की बाकीच्यांच्या खांद्यावर अधिक येते, तसेच हे.

विजेच्या देयकावर ‘मंजूर भार’ असे एक सदर असते. तो किलोवॅटमध्ये दिलेला असतो. एका वेळी आपण जास्तीत जास्त किती विजेची उपकरणे चालवू शकतो, याची ती मर्यादा होय. शाळेचे उदाहरण घ्यावे. ९ वॅटचे चार दिवे म्हणजे ३६ वॅट. ७५ वॅटचे चार पंखे म्हणजे ३०० वॅट. दूरदर्शनसंच १०० वॅट. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप सुमारे ३७३ वॅट. एकूण ८०९ वॅट, म्हणजे एक किलोवॅटच्या आत. हा झाला भार. एक किलोवॅटचा भार एक तास चालविला तर जी वीज खर्च होते तिला एक युनिट म्हणतात. भार म्हणजे एका वेळचे ओझे आणि युनिट म्हणजे ते ओझे किती वेळ वाहिले त्याचा हिशेब, असा भेद करून द्यावा.

६. गर्दी, संगणक आणि मन

उपनगरी रेल्वेच्या गर्दीच्या वेळी डब्यातील एका चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा माणसे उभी असतात, असे सांगितले जाते. या स्थितीस रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे नाव आहे. वर्गात खडूने एक चौरस मीटर आखून त्यात मुले उभी करून पाहावीत. आठ-दहा मुलांतच चौकोन भरतो. त्यांचा बोरिवलीचा दादा रोज कसा कामावर जातो, हे त्यांस कळेल. कदाचित तो ‘लोड घेऊ नकोस’ असे का म्हणतो, तेही कळेल.

संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर ‘लोड होत आहे’ असे दिसते, तेथे लोड म्हणजे माहिती यंत्राच्या स्मृतीत भरली जाणे. गाडीत माल भरावा तशीच ती क्रिया असते. आपल्याकडून वर पाठविणे ते ‘अपलोड’, आणि वरून आपल्याकडे घेणे ते ‘डाउनलोड’.

आता त्या दुसऱ्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. मुंबईच्या तरुणांच्या बोलीत ‘लोड घेणे’ म्हणजे मनाला लावून घेणे, काळजी वाहणे. हा प्रयोग ग्रांथिक भाषेत बसणारा नाही. परंतु त्याची घडण अस्सल मराठी आहे. आपण धसका घेतो, ताण घेतो, मनावर घेतो. तसा तरुणांनी लोडही घेतला. इंग्रजी माणूस असे म्हणणार नाही. शब्द परका, पण वाक्प्रचार आपला, याचे हे चांगले उदाहरण आहे. तेव्हा मुलास ‘हे चूक आहे’ असे न सांगता ‘हे बोलण्यात चालते, निबंधात चालत नाही’ असे सांगावे.

७. वर्गात कसे शिकवावे

पुढील क्रम उपयुक्त ठरेल असे वाटते.

(अ) शब्द फळ्यावर लिहिण्यापूर्वी प्रत्यक्ष कृती करून घ्यावी: पुस्तकांचा गठ्ठा उचलणे, बादली भरणे, खोके रिकामे करणे. मग ‘लोड’ व ‘अनलोड’ हे शब्द द्यावेत.

(आ) मुलांनी घरी, एस्‌. टी. स्थानकावर, दुकानात हा शब्द कोठे ऐकला, ते सांगावयास लावावे व फळ्यावर उतरवून घ्यावे.

(इ) प्रत्येक वाक्यात ‘लोड’च्या जागी कोणता मराठी शब्द शोभेल ते मुलांनीच ठरवावे. ‘गवताचे ओझे’ की ‘गवताचा भारा’, ‘कर्जाचा भारा’ की ‘कर्जाचा बोजा’, असे पर्याय ठेवावेत. येथे इंग्रजीबरोबर मराठीचीही उजळणी होते.

(ई) शेवटी शब्दाचे नाम म्हणून एक व क्रियापद म्हणून एक अशी दोन सोपी इंग्रजी वाक्ये लिहून घ्यावीत. याहून अधिक एका तासिकेत लादू नये.

८. विद्यार्थ्यांचे व शिक्षकांचे ओझे

शब्दाचा विचार करता करता आपण शाळेच्या दारात येऊन पोहोचतो. दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असे शासनाने २१ जुलै २०१५ च्या निर्णयाने ठरविले. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही हेच प्रमाण असून पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो आणि तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो अशी मर्यादा दिली आहे. मुलाचे वजन २२ किलो असेल तर त्याचे दप्तर २ किलो २०० ग्रॅमपर्यंत चालेल. शालेय पोषण आहाराचे तांदूळ मोजण्याच्या काट्यावर महिन्यातून एकदा दप्तरे मोजून पाहावीत. पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली म्हणजेच एक किलो होय. शाळेत पिण्याचे शुद्ध पाणी असेल तर दप्तराचे निम्मे ओझे तेथेच उतरते.

परंतु काट्यावर न उतरणारे ओझेही असते. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ साली ‘ओझ्याविना शिक्षण’ या विषयावर अहवाल सादर केला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे मुलांस अधिक घातक आहे, असा त्याचा आशय होता. अर्थ न कळता पाठ केलेला शब्द हे असेच ओझे होय.

शिक्षकांच्या ओझ्याचाही येथे उल्लेख करणे अगत्याचे आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ याने तयारीच्या वेळेसह आठवड्यास ४५ तास हा शिक्षकांचा किमान कार्यभार ठरविला आहे. आणि दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामास शिक्षकांस नेमू नये, असेही त्याच्या २७ व्या कलमात म्हटले आहे. तरीही रोज माहिती ‘अपलोड’ करण्यात किती वेळ जातो, हे माझ्यासारख्या तपासणी करणाऱ्यास ठाऊक नाही असे नाही. ती माहिती मागणाऱ्यांपैकी मीही एक आहे, हे येथे प्रांजळपणे मान्य करतो. शाळेने एकच नोंदवही नीट ठेवावी आणि आम्ही तीच माहिती तीन नमुन्यांत मागू नये, एवढे दोन्ही बाजूंनी पाळले तरी पाठाच्या तयारीस आठवड्यात काही तास मोकळे होतील.

त्या दिवशी पाठ संपल्यावर गुरुजींशी बोलणे झाले. त्यांनी दुसऱ्या दिवशी त्या दोन मुलांस पुन्हा उभे करून त्यांचेच प्रश्न विचारावयास लावले, असे त्यांनी नंतर कळविले. ‘नंतर पाहू’ म्हटलेला प्रश्न खरोखरच नंतर पाहिला गेला, याचा त्या मुलांस झालेला आनंद हा त्या पाठाचा सर्वांत मोठा लाभ होय. मुलाचा प्रश्न वर्गातच उतरवून घेतला, तर तो त्यास घरी वाहून न्यावा लागत नाही.